कृष्णधवल छपाईचा कागद

डार्करूममध्ये फोटो छापायचा कागद तीन गोष्टी पाहून निवडावा: निगेटिव्ह कशी आहे, धुवायला पाणी किती आहे आणि प्रिंट किती काळ टिकवायची आहे.

कागदाचा कॉन्ट्रास्ट 0 ते 5 अशा ग्रेडने मोजतात. 0 सर्वांत मऊ, 2 मध्यम, 5 सर्वांत कडक. आसनगावजवळच्या माहुली गडाचा फोटो श्रावणातल्या धुक्यात काढला, तर निगेटिव्ह फिकी येते. मध्यम ग्रेडवर सुळके ढगांत विरतात. 4 वर त्यांची कड उठून दिसते. वैशाखातल्या दुपारी तोच कातळ झगझगीत आणि घळी काळ्याकुट्ट. अशी निगेटिव्ह 1 वर छापली की सावलीतली झुडपेही दिसू लागतात.

पूर्वी प्रत्येक ग्रेडचे वेगळे पाकीट ठेवावे लागे. इलफर्ड कंपनीने 1940 मध्ये मल्टिग्रेड कागद आणला. एनलार्जरला पिवळा फिल्टर लावला की तो मऊ छापतो, किरमिजी लावला की कडक. नवशिक्याला हाच सोयीचा.

कागदाचे दोन प्रकार आहेत. आरसी कागदाला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. रसायने आत मुरत नाहीत, त्यामुळे वाहत्या पाण्यात 2 मिनिटे धुतला तरी पुरते. फायबर कागदात हायपो, म्हणजे प्रिंट पक्की करणारे रसायन, तंतूंपर्यंत शिरतो. तो काढायला सुमारे तासभर धुवावे लागते. हायपो राहिला तर प्रिंट पुढे पिवळी पडते. भातसा आणि तानसा धरणांचे पाणी मुंबईला पुरवणाऱ्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर टँकर येतो. तिथे हा फरक मोठा आहे. धुण्याआधी प्रिंट सोडियम सल्फाइटच्या द्रावणात ठेवली तर पाणी बरेच वाचते. सरावासाठी आरसी वापरावा. नीट धुतलेला फायबर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, म्हणून घराण्याच्या जुन्या फोटोंना आणि प्रदर्शनाला तोच घ्यावा.

ग्लॉसी पृष्ठावर काळा रंग सर्वांत गडद उतरतो, पण उजेड चमकतो. मॅटवर काळा जरा फिका दिसतो. मात्र ब्रशने ठिपके झाकणे आणि रंग भरणे सोपे जाते.

उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ‘इंदू’ नावाचा कागद बनवत असे. आता इलफर्ड, फोमा असा आयात कागद घ्यावा लागतो, म्हणून तो जपणे आलेच. पावसाळ्यात पाकीट घट्ट बंद डब्यात, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवावे. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय ते उघडू नये, नाहीतर कागदावर दव धरते.