खातोय, तरी रोडावतोय

आमच्या बचत गटानं खाऱ्या पाण्यातले शोभेचे मासे वाढवायला घेतले, तेव्हा मासे मरतील ही भीती होती. ते रोडावतील असं कुणाच्या मनातही नव्हतं. आमचे मासे क्लाउनफिश, म्हणजे मुलं ज्याला निमो म्हणतात तो नारिंगी मासा. दोन महिन्यांत एका टाकीतल्या सात-आठ जणांची पोटं खपाटीला गेली, पाठ सुरीच्या धारेसारखी झाली. व्यापाऱ्यानं तेवढे बाजूला काढले आणि म्हणाला, "हे नकोत."

घरातलं पोर वाळलं की आपण जे करतो तेच आम्ही केलं. खाणं वाढवलं. उरलेली कोळंबी तळाशी कुजली, पाण्यात अमोनिया वाढला आणि धडधाकट मासेही गेले. त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता बचतीतून भरावा लागला.

आता आम्ही आधी बघतो. खाणं टाकलं की दहा मिनिटं टाकीसमोर बसायचं, मोबाइल बाजूला ठेवून. रोड मासा खातो की नाही, एवढंच बघायचं.

खात नसेल तर पहिल्यांदा पाणी तपासा. अमोनिया अजिबात नको. मग भांडणं बघा. या माशांत सगळ्यात मोठी ती मादी, तिच्या खालोखाल नर, बाकीचे दबून राहतात. (मादी मेली तर नरच पुढे मादी होतो. गटातल्या आजींना हे अजून पटलेलं नाही.) दबलेल्या माशाला खाण्याजवळ येऊच देत नाहीत. आम्ही आकारानुसार मासे वेगळे केले आणि दिवसातून तीनदा, थोडं थोडं, दोन कोपऱ्यांत खाणं टाकायला लागलो. नवा मासा कोरडे दाणे ओळखत नसेल, तर जिवंत आर्टेमिया किंवा तिसऱ्यांचं मांस अगदी बारीक करून द्या.

पोटभर खातो आणि तरी वाळतो, तो मासा जास्त काळजीचा. त्याची विष्ठा बघा. पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर आतड्यात कृमी किंवा डोळ्यांना न दिसणारे परजीवी असण्याचा संशय घ्यायचा. उपाशी माशाचीही विष्ठा पांढरी होते, म्हणून आधी खाण्याची खात्री केलेली बरी. असा मासा वेगळ्या टाकीत ठेवा आणि मत्स्यतज्ज्ञांना दाखवा. कृमींचं औषध वेगळं, परजीवींचं वेगळं. मुलांच्या जंताच्या गोळीची पूड करून टाकीत टाकू नका. आमच्यात एकीनं टाकायला घेतलीच होती. नवे मासे आले की महिनाभर वेगळे ठेवायचे, हा नियम आम्ही नुकसानीनंतर केला.

आणखी एक कारण आहे, ते आपल्या हातांशी जोडलेलं आहे. माशांनाही क्षयासारखा रोग होतो. मासा वाळतो, रंग उतरतो, कधी अंगावर जखमा दिसतात. त्यावर भरवशाचा उपाय नाही. माणसाच्या टीबीचे जंतू वेगळे, पण माशाचे हे जंतू आपल्या हातावरच्या चिरेतून, खरचटलेल्या जागेतून आत शिरू शकतात. आमच्या एका काकींच्या बोटाला गाठ आली. त्यांनी दोन मलमं लावली, पण ती बरी होईना. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांना टाकीचं सांगितलं, तेव्हा तपासणी झाली आणि कित्येक आठवडे गोळ्या घ्याव्या लागल्या. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, तरी शेजारणींनी काकींचा चहा घेणं बंद केलं होतं. तेही सांगून ठेवतो.

म्हणून हाताला जखम असेल तर टाकीत हात नाही. एरवीही कोपरापर्यंतचे हातमोजे घालायचे. पाणी काढताना नळी तोंडानं ओढायची नाही. मेलेला मासा लगेच बाहेर काढून पुरायचा. दुसऱ्या माशांना किंवा मांजराला घालायचा नाही. टाकीचं काम झालं की साबणानं हात धुवायचे. आणि बोटावरची गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच, "आम्ही मासे पाळतो."