त्रिमितीय देहचित्रातील मापबिंदूंचा संगणकीय शोध : शिवणकला अध्यापनाच्या संदर्भात

प्रस्तावना

शिंपी माप घेतो तेव्हा त्याच्या हातातील टेप सर्वांना दिसते. टेप लावण्यापूर्वी बोटांनी केलेले काम मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. खांद्याचे हाड कोठे संपते, मानेच्या मागील उंचवट्याचा मणका कोणता, कंबर नेमकी कोठे धरावी, हे बोटे चाचपून ठरवतात. माप चुकते ते बहुधा टेपमुळे नव्हे, तर हे ठिकाण चुकल्यामुळे. शरीरावरील अशा निश्चित ठिकाणांना प्रस्तुत लेखात ‘मापबिंदू’ म्हटले आहे. संपूर्ण शरीराचे त्रिमितीय चित्र घेणारी यंत्रे आल्यावर हे बिंदू संगणकाने आपोआप कसे शोधावेत, हा संशोधनाचा स्वतंत्र विषय बनला. शिवणकलेचे वर्ग चालविणाऱ्या कम्युनिटी कॉलेजांतील अध्यापकांना त्याची ओळख असणे आवश्यक आहे.

बडोद्याची पार्श्वभूमी

या विषयाला बडोद्यात पोषक भूमी आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने येथे कलाभवन स्थापन झाले. तांत्रिक शिक्षण देशी भाषेतून देता येते, हा विश्वास त्यामागे होता. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि १९५० मध्ये तेथे गृहविज्ञान शाखा सुरू झाली. आज तिच्या नव्या नावाच्या विद्याशाखेत वस्त्र व परिधान हा विभाग आहे. कारागिरीच्या शब्दांची देवाणघेवाणही जुनीच आहे. दर्जी, अस्तर, पायजमा, गज हे शब्द फारसीतून येऊन मराठीत रुळले. तेव्हा नव्या यंत्राची भाषाही आपल्या शब्दांत समजून घेणे अवघड नाही.

देहचित्र कसे तयार होते?

व्यक्तीला अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, हात धडापासून थोडे दूर व पाय किंचित अंतरावर ठेवून उभे केले जाते. यंत्र प्रकाशाच्या किंवा लेसरच्या साहाय्याने काही सेकंदांत शरीराच्या पृष्ठभागावरील लाखो ठिकाणांची स्थाने नोंदवते. प्रत्येक ठिकाणाचे तीन आकडे असतात : डावे-उजवे, पुढे-मागे आणि उंची. हे बिंदू त्रिकोणांनी जोडले की शरीराची जाळी तयार होते. काखेत किंवा मांड्यांच्या मध्ये यंत्राची नजर पोहोचत नाही. तेथे जाळीला भोके पडतात.

अमेरिका, नेदरलँड्स व इटली येथे १९९८ नंतर झालेल्या ‘सीझर’ पाहणीत प्रशिक्षित व्यक्तींनी हाडे चाचपून सत्तरहून अधिक ठिकाणी पांढऱ्या टिकल्या लावल्या होत्या. संगणकाने फक्त त्या टिकल्या ओळखायच्या होत्या. ही पद्धत विश्वसनीय, पण वेळखाऊ. शिवाय परक्याने चाचपणे अनेकांना संकोचाचे वाटते. त्यामुळे टिकलीविना बिंदू शोधण्याची गरज निर्माण झाली.

शोधण्याच्या तीन पद्धती

पहिली पद्धत आडव्या कापांची. काकडीच्या चकत्या कराव्यात तसे शरीराचे पावलांपासून वर आडवे काप कल्पिले जातात. खालच्या कापांत दोन पायांची दोन वर्तुळे दिसतात. वर जाता जाता ती ज्या उंचीवर एक होतात, तेथे दोन्ही पाय मिळतात. आणखी वर हातांची वर्तुळे धडाच्या वर्तुळाला मिळतात, तेथे काख. या दोहोंच्या मध्ये सर्वांत कमी घेराचा काप कंबर मानला जातो व त्याखालील सर्वांत मोठ्या घेराचा काप सीट.

दुसरी पद्धत वळणांची. पृष्ठभाग कोठे उंचावतो, कोठे खोल जातो, याचे गणित करून मानेचा पाया, खांद्याचे टोक असे बिंदू शोधले जातात.

तिसरी पद्धत नमुनादेहाची. ज्यावर सर्व बिंदू आधीच खुणावले आहेत असा एक आदर्श देह संगणक ताणून, दाबून नव्या व्यक्तीच्या जाळीवर चपखल बसवतो. नमुन्यावरचे बिंदू आपोआप नव्या देहावर येतात. ‘सीझर’च्या चित्रांवर असा महत्त्वाचा प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. अलीकडे हजारो खुणावलेल्या उदाहरणांवरून संगणकच नियम शिकतो.

मर्यादा

यंत्राला त्वचा दिसते, हाड दिसत नाही. शिंप्याच्या बोटाला मांसाखालचा मणका लागतो. यंत्र केवळ उंचवट्यावरून अंदाज बांधते. स्थूल व्यक्तीचा उंचवटा बुजलेला असतो. पोट सुटलेल्या व्यक्तीत सर्वांत कमी घेराचा काप छातीखाली सापडतो आणि त्यालाच कंबर मानले तर सलवारीचा नेफा तेथे राहणार नाही. मोजमापशास्त्रात कंबर ही शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर धरतात. घेर ही केवळ सोयीची खूण आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. नमुनादेह ज्या लोकांवरून घडला, त्यांचीच ठेवण तो सर्वांत पाहतो. परदेशी देहांवर शिकलेला संगणक आपल्याकडील स्त्रियांच्या खांद्यांवर व कमरेवर चुकू शकतो. भारतीय मापे गोळा करण्यासाठी २०१८ मध्ये राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची ‘इंडियासाइझ’ पाहणी घोषित झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू व शिलाँग या सहा शहरांतील १५ ते ६५ वयाच्या सुमारे २५,००० व्यक्तींची त्रिमितीय चित्रे घेण्याची ती योजना होती. या यादीत गुजरातचे एकही शहर नाही. म्हणून स्थानिक पडताळणीचे काम येथील शिक्षणसंस्थांनाच करावे लागेल.

तिसरा प्रश्न खासगीपणाचा. परक्या हाताचा स्पर्श टळतो, ही स्त्रियांची मोठी सोय होय. पण संपूर्ण देहाचे चित्र साठवले जाते, हा धोकाही आहे. ते कोण पाहील, किती काळ ठेवील, पुसून कधी टाकील, हे संमतीपूर्वी सांगितले गेले पाहिजे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ चा कायदा झाला आहे. विद्यार्थिनींना त्याची माहिती द्यावी.

वर्गातील उपयोग

अचूकता कशी तपासावी, हे यंत्राविनाही शिकवता येते. दहा विद्यार्थिनींच्या कमरेचे माप दोघींनी स्वतंत्रपणे घ्यावे. प्रत्येकीच्या दोन मापांतील फरकाचा वर्ग करावा, सर्व वर्गांची बेरीज वीसने भागावी व वर्गमूळ काढावे. प्रत्येक फरक १ सेंटिमीटर असेल, तर उत्तर सुमारे ०.७ सेंटिमीटर येते. ही मोजणाऱ्यांची स्वतःची चूक. त्यानंतर कमरेवर खडूने बिंदू खुणावून हाच प्रयोग पुन्हा करावा व दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत. बिंदू निश्चित झाल्याने किती फरक पडला, हे विद्यार्थिनींना आकड्यांत दिसेल.

तुलनेसाठी एक प्रमाण उपलब्ध आहे. आंतरराष्ट्रीय मानक २०६८५ नुसार यंत्राचे व प्रशिक्षित हाताचे माप यांतील सरासरी फरक छाती-कंबरेसारख्या मोठ्या घेरांत ९ मिलिमीटरपर्यंत व उंचीच्या मापांत ४ मिलिमीटरपर्यंत चालतो. मानक हाताच्या मापाशीच तुलना करते, ही बाब लक्षणीय आहे.

समारोप

यंत्राची कसोटी अजूनही कुशल बोटेच आहेत. म्हणून शिवणकलेच्या अभ्यासक्रमात मापबिंदूंचे शिक्षण कमी न करता वाढवावे. ज्या विद्यार्थिनीला शरीरावर बिंदू चाचपून सापडतो, तीच पडद्यावरचा चुकलेला बिंदू ओळखून दुरुस्त करू शकेल. नव्या रोजगारात तिची किंमत याच कौशल्याने ठरेल.