शेपटाने धड हलवलं!

वर, खाली, मागे, साठी, बद्दल. शाळेत यांची ओळख एका दमात उरकते: शब्दयोगी अव्यय, नामाला जोडून येतं, कधी बदलत नाही. स्वतः बदलत नाही हे खरं, पण ज्याला चिकटतं त्याला वाकवतं! 'झाड'चं 'झाडाखाली' होतं आणि 'कुत्रा'चं 'कुत्र्यामागे'. हेच ते सामान्यरूप.

ताठ मानेचे पाहुणे
टेबल आणि कोर्ट इंग्रजीतून आले, पण इथे मुरले. म्हणून टेबलावर, कोर्टासमोर. फोन, फ्रीज, गेट अजून वाकायला तयार नाहीत: फोनवर, फ्रीजमध्ये, गेटसमोर. 'फोनावर' म्हणून बघा, घरचेच हसतील.

सज्जन मंडळी
च, ही, सुद्धा, देखील नामाच्या वाटेला जात नाहीत: कुत्राच, कुत्रासुद्धा. यांना शुद्ध शब्दयोगी अव्ययं म्हणतात. 'भर'ही तसाच सोशिक. 'चमच्यावर'मध्ये चमचा वाकतो, 'चमचाभर' साखरेत सरळ राहतो.

एक 'वर', चार तऱ्हा
लग्नाला जायचं जिवावर आलंय, हा कंटाळा. भावाच्या जिवावर मजा चाललीय, हा आधार. शेजारी जिवावर उठलाय, हा घात. दुखणं जिवावर बेतलं, हा धोका. जीव तोच, 'वर'ही तोच!

मागे म्हणजे नेमकं कुठे?
पैशामागे धावणाऱ्याच्या पुढे असतो पैसा. माणसामागे दोन लाडू म्हटलं, तर पाठीमागे वळून बघू नका. तो पंगतीचा हिशेब आहे.

बद्दलची अदलाबदल
'बद्दल' आलं अरबी 'बदल'वरून. म्हणून व्याकरणात ते 'ऐवजी'च्या शेजारी, विनिमयवाचक गटात बसतं. एक वस्तू घ्या, तिच्याबद्दल दुसरी द्या.

पोटात लपलेला 'वर'
'आज्ञेबरहुकूम'मधला 'बर' फारसी. अर्थ आपल्या 'वर'सारखाच, पण तिकडे तो नामाच्या आधी बसतो. मराठीने 'बर' आणि 'हुकूम' जोडीनेच उचलले आणि अख्खी जोडी शब्दाच्या शेपटीला बांधली.

दोन्ही डगरींवर पाय
मासा तडफडतो पाण्याविना, टीसी पकडतो विनातिकीट. 'विना'ला मागची जागा चालते आणि पुढचीही.

जाता जाता
गल्लोगल्ली पाटी दिसते: 'गेट समोर गाडी लावू नये'. गाडी गेटपासून लांब हवी होती. पेंटरने 'समोर'च लांब लावलं!