छापी, खडा आणि मक्याचा पाइप

नाशिकजवळ सिन्नरला आजोबांची चिलीम ओढून झाली, की छापी धुवायचं काम माझं. छापी म्हणजे चिलमीच्या बुडाशी, जिथं ओठ लागतात तिथं, गुंडाळायचं ओलं फडकं. त्यावरचा पिवळा-काळा डाग दाखवून ते म्हणत, "बघ, घाण सगळी इथं राहिली." आत तंबाखूखाली खडा असे, त्यामुळे जळकी पत्ती तोंडात येत नसे. 2015 च्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी साधूंकडे हेच फडकं दिसलं. ते त्याला साफी म्हणतात. नावातच साफ!

हाच विश्वास अमेरिकेतही सापडतो. मिझुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी हेन्री टिब्बे यांनी 1869 मध्ये मक्याच्या कणसाचे पाइप करायला घेतले. दाणे काढलेलं कणीस सच्छिद्र, ओल स्वतःच शोषतं. आता त्याच्या दांड्यात 6 मिलिमीटरची कागदी गाळणीही घालतात. धूर निवतो, वाफेचं पाणी होतं, थोडं डांबर त्यासोबत कागदात मुरतं. जिभेला चटका कमी बसतो. गाळणी भिजली की फेकायची. (छापी धुता येते, एवढंच आपलं वरचढ.)

पण अडतात ते थेंब आणि कण, तेही थोडेच. कार्बन मोनॉक्साइड हा वायू. तो फडक्यातून, कागदातून सरळ आत जातो आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट धरतो. त्याचा डाग पडत नाही. निकोटीनही पोचतंच, नाहीतर ओढील कोण?

शेवटी आजोबांना ओसरीवरून अंगणात जातानाही धाप लागे. ती ओसरली, की ते धुतलेली छापी मागत. मी पिळून देत असे.