पाठ झालं, पण कळलं का?



घाटकोपरच्या आमच्या बचत गटात एका ताईंना व्याजाचा नियम तोंडपाठ होता : दरमहा शेकडा दोन, शिल्लक मुद्दलावर. त्यांनी १०,००० रुपये कर्ज घेतलं. पहिल्या महिन्यात २,००० मुद्दल आणि २०० व्याज भरलं. दुसऱ्या महिन्यातही व्याजाचे २०० काढून ठेवले. मुद्दल ८,००० उरलं, म्हणजे व्याज १६० झालं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. नियम पाठ होता, उमजला नव्हता.

ही अडचण फार जुनी आहे. इब्न खल्दून हे मोठे इस्लामी विद्वान १३३२ साली ट्युनिसमध्ये जन्मले. ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात ते सांगतात, की मोरोक्कोच्या मदरशांत शिक्षणाची मुदत १६ वर्षं, ट्युनिसमध्ये फक्त ५. मोरोक्कोत एवढी वर्षं का लागत? कारण मुलं पाठांतर करत, पण वर्गात गप्प बसत. बोलल्याशिवाय, चर्चा केल्याशिवाय विद्या अंगी मुरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी उपायही सांगितला. विषय तीनदा शिकवायचा. पहिल्यांदा मुख्य गोष्टी थोडक्यात, शिकणाऱ्याला झेपेल तेवढ्याच. दुसऱ्यांदा सगळा खुलासा आणि मतभेद. तिसऱ्यांदा अडलेलं काहीच मागे ठेवायचं नाही. आणि धाक नको. धाकानं मूल आळशी होतं, खोटं बोलायला शिकतं.

१९७६ साली स्वीडनमधल्या मार्टन आणि सेल्यो या अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना एक लेख वाचायला दिला. काहींनी फक्त मजकूर लक्षात ठेवायची धडपड केली. काहींनी लिहिणाऱ्याला काय सांगायचंय ते शोधलं. लेखाचा अर्थ या दुसऱ्यांनाच नीट कळला.

आम्हीही तीन सभा घेतल्या. पहिल्या सभेत फक्त मुद्दल आणि व्याज यांतला फरक. दुसऱ्या सभेत प्रत्येकीनं स्वतःच्या कर्जाचा हिशेब मांडला. कुणी चुकलं तर कुणी हसायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. तिसऱ्या सभेत त्याच ताईंनी नव्या सभासदाला सगळं समजावून दिलं.

मैत्रिणींनो, सही किंवा अंगठा देण्याआधी विचारा, “हा आकडा कसा आला?” आणि लेकीनं धडा म्हणून दाखवला, की म्हणा, “आता तुझ्या शब्दांत सांग.” हे विचारायला आपण शाळेत गेलेलं असायलाच हवं, असं नाही.