स्वेच्छानिवृत्तींत ‘स्वेच्छा’ किती?

ठाण्याचें वर्तकनगर ही मुख्यत्वें कामगारांच्या वेतनावर वसलेली वस्ती होय. जवळच १९२५ सालीं सुरू झालेली लोकरीची गिरणी, जी पुढें रेमंड या नांवानें सर्वश्रुत झाली. पलीकडे वागळे इस्टेट, १९६२ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. त्या काळीं कारखान्यांत ‘कायम’ झालेला मुलगा म्हणजे एकत्र कुटुंबाचा आधारस्तंभ. धाकट्यांचीं शिक्षणें, बहिणींचीं लग्नें, वडील माणसांचीं औषधें, सारें त्याच्या पगारावर निभावत असे. पुढें एकामागून एक कारखाने मिटले. रेमंडचें ठाण्यांतील कापडाचें उत्पादन २००९ सालीं थांबलें, आणि त्या भूमीवर आज उंच निवासी इमारती उभ्या आहेत. हें स्थित्यंतर आपण डोळ्यांनीं पाहिलें. परंतु असें स्थित्यंतर कायद्याच्या कोणत्या वाटेनें घडतें, याचा विचार थोड्यांनींच केला.

वस्तुतः कायद्यानें दार लावून घेतलें होतें. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत १९७६ सालीं एक नवें प्रकरण घालण्यांत आलें. तीनशें वा अधिक कामगारांच्या कारखान्यास सरकारच्या पूर्वपरवानगीवांचून कामगारकपात करतां येऊं नये, कारखाना बंदहि करतां येऊं नये, असा तो निर्बंध होता. १९८२ च्या दुरुस्तीनें ही मर्यादा शंभरावर आणली. मग इतके कारखाने रिकामे झाले कसे? उत्तर त्याच कायद्याच्या व्याख्येंत आहे. ‘कपात’ या शब्दाच्या अर्थांतून कामगाराची स्वेच्छानिवृत्ति वगळलेली आहे. ज्यास काढतां येत नाहीं त्यानें आपण होऊन जावें, ही वाट मोकळी राहिली आणि ठिकठिकाणच्या मालकांनीं तीच चोखाळली.

पाणिनीनें कर्त्याचें लक्षण स्वातंत्र्य हें सांगितलें आहे. ज्यापुढें एकीकडे रकमेचा कागद आणि दुसरीकडे बंद पडत चाललेलें खातें, त्या कामगारास या क्रियेचा कर्ता म्हणावें काय? सही त्याची खरी. इच्छा त्याची किती, हें त्याचें त्यालाच ठाऊक.

मालकांची बाजूहि ऐकली पाहिजे. जुलै १९९१ च्या नव्या औद्योगिक धोरणानंतर स्पर्धा वाढली, यंत्रें जुनीं ठरलीं, आणि यंत्रांपेक्षां त्यांच्याखालची जमीनच मोलाची झाली. इकडे कामगारांची संघशक्तिहि खचली होती. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या सुमारें अडीच लाख गिरणी कामगारांनीं संप केला. तो रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं. तो विरून गेला. त्यानंतर वाटाघाटीस बसणाऱ्याच्या पाठीशीं पूर्वीचें बळ राहिलें नाहीं. कायमांच्या जागीं कंत्राटी माणसें आलीं.

आतां २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगारसंहिता अमलांत आल्या असून त्यांनीं २९ जुन्या कायद्यांची जागा घेतली आहे. परवानगीची मर्यादा पुन्हां तीनशांवर गेली. ठराविक मुदतीच्या नोकरीस मान्यता मिळाली. मात्र अशा कामगारास एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क देण्यांत आला, आणि प्रत्येक कामगारास नेमणूकपत्र देणें बंधनकारक झालें. म्हणजे नोकरी अल्पायुषी झाली, पण तिचा कागद मागण्याचा अधिकार बळकट झाला.

येथें सुशिक्षित कुटुंबाचें कर्तव्य सुरू होतें. घरांतील कोणास स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला, तर सहीपूर्वीं वडीलधाऱ्यांनीं एकत्र बसून तो वाचावा. ती रक्कम म्हणजे घबाड नव्हे. पन्नाशीच्या माणसाचें तें पुढील कित्येक वर्षांचें वेतन आहे. ती लग्नाच्या थाटांत वा नव्या घराच्या हप्त्यांत एकदांच खर्चणें म्हणजे बी दळून खाणें होय. मुलास नवी नोकरी लागली तर पेढे वांटण्याआधीं नेमणूकपत्र व भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक पाहावा.

आणि आणखी एक. गिरणीच्या जागीं झालेल्या इमारतींच्या दारांत जो पहारेकरी बसतो, जी बाई जिना झाडते, तीं बहुधा कंत्राटदाराचीं माणसें असतात. परंतु त्यांचें काम आपल्या सोसायटीसाठीं असतें. कंत्राटदारानें वेतन थकविल्यास जबाबदारी मूळ मालकाकडे येते, हें तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानें मान्य केलें. कौटिल्यानेंहि वेतन न देणाऱ्या धन्यास दंड सांगितला आहे. तेव्हां सोसायटीच्या पुढच्या सभेंत रंगकामाच्या खर्चासोबत हाहि प्रश्न विचारावा: या माणसांचा पगार वेळेवर होतो काय, आणि त्यांचा निधि भरला जातो काय? कारखान्याच्या मालकास जो न्याय आपण लावतों, तो आपल्या दारांतहि लागला पाहिजे.