तासाभराच्या पलीकडे

अमेरिकेत ‘वाइल्डरनेस’ या शब्दाची कायदेशीर व्याख्या १९६४ च्या कायद्यात सापडते. रानातले प्रथमोपचार शिकवणारे शिक्षक मात्र साधा हिशेब सांगतात: जिथून रुग्णालय गाठायला तासाहून अधिक वेळ लागतो, ते रान. या व्याख्येत अस्वल नाही, कडा नाही. आहे ते फक्त घड्याळ.

मी भूशास्त्राचा प्राध्यापक. निवृत्तीपूर्वीचे तीसेक उन्हाळे विद्यार्थ्यांना घेऊन वायोमिंग आणि युटाच्या डोंगरांत नकाशे करण्यात गेले. त्यामुळे मंडळातले आईवडील अधूनमधून फोन करतात. आमची पिढी कचेरीत, प्रयोगशाळेत किंवा दवाखान्यात रमली. आता मुले वन्यजीवशास्त्र, वनखाते, राष्ट्रीय उद्याने अशा वाटांनी निघाली आहेत. “सर, तुम्हीच तिला समजवा,” असा आईचा सूर असतो. मी समजावत नाही. “तिला आधी कोर्स करू द्या,” एवढेच म्हणतो.

हा कोर्स आहे तरी काय? पॉल पेट्झोल्ट यांनी १९६५ साली वायोमिंगमधल्या लँडर गावी ‘नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल’ सुरू केले. आज ही संस्था आणि इतरही अनेक संस्था असे वर्ग घेतात. ‘वाइल्डरनेस फर्स्ट एड’ हा दोन दिवसांचा, सुमारे १६ तासांचा प्राथमिक वर्ग. ‘वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’ हा साधारण ७० ते ८० तासांचा, रानातच नोकरी असणाऱ्यांसाठी. व्याख्याने थोडी, सराव फार. खोटे रक्त लावून कोणीतरी ओढ्याकाठी कण्हत पडतो आणि बाकीच्यांनी त्याला सांभाळायचे.

पहिला धडा थांबण्याचा. धावत जवळ जायचे नाही. वरून दगड अजून घरंगळत आहेत का, ते आधी पाहायचे. मग ठरलेल्या क्रमाने श्वासमार्ग, श्वास, नाडी, रक्तस्राव, पाठीचा कणा. शहरात एवढे होईतो रुग्णवाहिका दारात येते. रानात खरे काम त्यानंतर सुरू होते.

एका सप्टेंबरात युटामध्ये माझ्या एका विद्यार्थ्याचा घसाऱ्यावरून पाय सटकला आणि नडगीचे हाड मोडले. मदत पोचायला सात तास लागले. गटातल्या एका मुलीने हा कोर्स केलेला होता. तिने झोपायची फोमची चटई दुमडून पायाभोवती गुंडाळली आणि ओढण्यांसारख्या पट्ट्यांनी बांधली. बांधण्याआधी आणि नंतर बोटे गरम आहेत का, स्पर्श कळतो का, हलतात का, हे तपासले. त्याच्या अंगाखाली सॅक आणि दोर पसरले, कारण थंड जमीन अंगातली ऊब फार लवकर ओढून घेते. वाळवंटातही सूर्य कलला की गारठा पडतो. लघवीची सोयसुद्धा तिनेच लावली. आणि दर पंधरा मिनिटांनी नाडी मोजून वहीत वेळेसह लिहिली: ११८, १०४, ९२, ८८. एकाच आकड्यावरून फारसे कळत नाही. आकडे कोणत्या दिशेने चालले आहेत, त्यावरून कळते. बचाव पथकाने सर्वांत आधी ती वही मागून घेतली.

निरीक्षणाचे मोल आपल्याला नवे नाही. महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रुग्ण बारकाईने न्याहाळून प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि असंख्य जीव वाचले. ते डॉक्टर होते. आपल्या मुलांकडून तशी अपेक्षा नाही. पाहणे आणि लिहून ठेवणे मात्र कोणालाही शिकता येते.

या वर्गात काही जुन्या समजुतीही विसराव्या लागतात. साप चावल्यावर जखम कापणे, तोंडाने विष ओढणे, करकचून दोरी बांधणे, हे सगळे अपायकारक. रॅटलस्नेक चावला तर अंगठी आणि घड्याळ काढावे, हात-पाय शक्यतो हलू देऊ नये आणि लवकरात लवकर प्रतिविष मिळेल असे रुग्णालय गाठावे. गारठलेल्या माणसाला ब्रँडी देऊ नये. तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ऊब निघून जाते. ओले कपडे बदलावेत आणि तो पूर्ण शुद्धीत असेल तर साखरेचे पेय द्यावे. ऊब न मिळताच कुडकुडणे थांबले, तर ती सुधारणा नव्हे, धोक्याची खूण आहे.

“आता फोनवरून उपग्रहाला संदेश जातो की,” असे मुले म्हणतात. खरे आहे; २०२२ पासून आयफोनवरही ती सोय आली. पण संदेश पोचतो मिनिटांत आणि माणसे पोचतात पायवाटेने. मधले तास जवळच्या माणसालाच निभवावे लागतात.

प्रमाणपत्राची मुदत साधारण दोन-तीन वर्षांची असते, म्हणून उजळणी हवी. आणि राष्ट्रीय उद्यानांत भटकणाऱ्या आपल्यासारख्या आजी-आजोबांनाही दोन दिवसांचा वर्ग झेपतो.

मुलगी रानात निघाली की “जपून जा” म्हणावेच. त्याच दमात वाट कोणती, सोबत कोण आणि परत कधी, हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. ठरलेल्या वेळी ती परतली नाही, तर तो कागद शोधपथकाच्या हाती देता येतो.